पाच नंबरची शेगडी

भाजीबाजारात वांगी घ्यायला उभी राहिले की माझा हात आपोआप देठाकडे जातो. वांग्याचं पोट कितीही चकचकीत असो, आधी देठ पाहायचा. देठ हिरवा, ताठ आणि बोटाला टोचणारा असेल तर वांगं आजचं. तपकिरी पडून सुरकुतला असेल तर वरून कितीही पाणी शिंपडलेलं असो, ते परवाचं. ही विद्या मला पुस्तकांनी दिली नाही. तीस वर्षं मी शाळेत गृहविज्ञान शिकवलं, जीवनसत्त्वांचे तक्ते भिंतींवर लावले, आणि घरी भाजी आणायचं काम मात्र आमच्या यजमानांकडे होतं. देठ पाहायला मला गोकर्णाबाईंनी शिकवलं. त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. मी हल्ली अमरावतीला राहते. इथला भाजीवाला माझ्यावर वैतागतो. "घ्याचं तं घ्या नं बाई, वांग्याची नाडी काहून पाहून राहिल्या?" म्हणतो. मला हसू येतं आणि मग लगेच रडूही येतं.

गोकर्णाबाई राऊत मूर्तिजापूरच्या. गावाबाहेर त्यांचा दीड-दोन एकरांचा मळा, आणि बाजारात चाळीस वर्षांची ठरलेली जागा. बांधा ठेंगणा, रंग काळासावळा, बोटांच्या भेगांत मेथीचा हिरवा रंग कायमचा मुरलेला. कपाळावरचं कुंकू घामाने नेहमी डावीकडे ओघळलेलं असायचं आणि ते त्या कधीही पुसत नसत. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "खुर्चीवर बसलं का भाजी दूर जाते," म्हणायच्या. खाली बसायच्या आणि बसल्या की हात सुरू. बोलताना, ऐकताना, कुणाला रागावताना, अगदी डोळे पुसतानाही त्यांचा दुसरा हात काहीतरी निवडत असायचा.

आमची गाठ पडली ती माझ्या समाजसेवेच्या झटक्यामुळे. निवृत्त झाल्यावर तो बऱ्याच जणांना येतो, तसा मलाही आला. आमच्या मूर्तिजापूरच्या शाळेतल्या पोरांच्या डब्यातून भाजीभाकरी केव्हाच हद्दपार झाली होती. मधल्या सुट्टीत मैदानभर चिप्सच्या पुड्या उडायच्या आणि सकाळी प्रार्थनेला दोन-तीन मुली चक्कर येऊन खाली बसायच्या. मुख्याध्यापिकेने रविवारी सकाळी शाळेचा हॉल दिला, इकडून तिकडून आठ शेगड्या जमल्या, आणि मी पाटी रंगवून घेतली: 'आईबाबा आणि मुले यांच्यासाठी आहारवर्ग'. एका शेगडीवर एक कुटुंब, अशी योजना. पहिल्या रविवारी सात कुटुंबं आली आणि मी पाऊण तास प्रथिनांवर बोलले. आया वहीत उतरवून घेत होत्या, पोरं बाकांखालून रांगत होती आणि एक बाप मागे भिंतीला टेकून चक्क घोरत होता.

त्या दिवशीची भाजी गोकर्णाबाईंनी आणून टाकली होती. रिकाम्या टोपल्या न्यायला त्या दाराशी थांबल्या होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "बाई, एक बोलू का? राग नोका मानू."

"बोला."

"तुमी लेकरायले भाजीचा फोटो दाखवला. भाजीत काय काय रायते ते सांगतलं. पर कोनाच्या हातात भाजी देली नाई. हात लागल्याबिगर जीव कसा लागन?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? एम.एस्सी. झालेल्या बाईला टोपलीवालीने शिकवावं म्हणजे काय! पण पुढच्या रविवारी सातांतली चारच कुटुंबं उगवली, तेव्हा राग निमूट गिळला आणि निरोप धाडून त्यांना बोलावून घेतलं. त्या आल्या, मी लावलेल्या तक्त्याकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं, तक्त्याखाली एक ओलं पोतं अंथरलं आणि सगळी भाजी त्याच्यावर ओतली. मग पोरांना म्हणाल्या, "चला रे पोट्टेहो. ज्याले जे चांगलं वाटन ते उचला."

एका बाईने आपल्या मुलाच्या आधी हात पुढे केला. गोकर्णाबाईंनी तो हळूच बाजूला सारला. "बाजारात गिऱ्हाईक आधी. इथी लेकरू आधी. त्यानं उचललं का मंग तुमी."

तोच आमच्या वर्गाचा पहिला नियम झाला. सगळ्यात चांगलं असेल ते लेकराच्या हातात पहिलं. मग आईबापांनी घ्यायचं. आणि सगळ्यांचं घेऊन झालं की पोत्यावर जे मोडकं-तोडकं, पिचकं, किडकं उरेल ते गोकर्णाबाई पदरात गोळा करायच्या. तेच त्यांचं घरचं जेवण. एकदा मी एक चांगला टोमॅटो त्यांच्या पदरात टाकला. त्यांनी तो काढून परत पोत्यावर ठेवला. "हा इकाचा हाये," त्या म्हणाल्या. तो विकायचा नव्हता, वर्गाचा होता, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. चांगली भाजी ही दुसऱ्या कुणाची असते, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं. मी त्या वेळी हसले आणि विसरून गेले.

दुसरा नियम एका वकिलांमुळे झाला. तालुका कोर्टात त्यांची चांगली चालती वकिली होती. मुलीला घेऊन यायचे, पण मुलीने सुरी हातात घेतली की यांची जीभ सुटायची. अंगठा आत घे, सुरी तिरकी धर, एवढे मोठे तुकडे नकोत. शेवटी सुरी स्वतःच घ्यायचे आणि मुलगी बापाचं तोंड पाहत बसायची. तिसऱ्या रविवारी गोकर्णाबाईंनी मेथीच्या जुडीची सुतळी सोडली, वकीलसाहेबांच्या मागे गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात पाठीशी बांधून टाकले.

"हे काय आजी?"

"काई नाई साहेब. जमानत भाजी शिजल्यावर."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. पोरीने त्या दिवशी भेंडी चिरली. एक तुकडा बोटभर तर एक नखाएवढा. वकीलसाहेब बांधल्या हातांनी तळमळत उभे होते, आणि भाजी झाल्यावर पोरीनेच त्यांना पहिला घास भरवला. पुढच्या रविवारी ते स्वतःच पाठमोरे उभे राहून म्हणाले, "बांधा आजी." सुतळी मागे पडली, पण 'हात मागं' हा शब्द वर्गात राहिला. सात शेगड्यांमागे सात घरचे आईबाप पाठीशी हात बांधून उभे, असं ते दृश्य असायचं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मोठ्या माणसांना शिक्षा चालू आहे.

पार्थची गोष्टही सांगायला हवी. त्याच्या घरी भिक्षुकी, वडील लग्नामुंजी लावणारे. हा आठ वर्षांचा आणि बटाट्याशिवाय कशालाही तोंड न लावणारा. आई रडकुंडीला आलेली. गोकर्णाबाईंनी त्याला काही समजावलं नाही की लालूच दाखवली नाही. फक्त चिवळीचा एक ढीग पुढे ओढला. ही आमच्याकडची उन्हाळ्यातली पालेभाजी, पानं मुगाच्या दाण्याएवढी, निवडताना भल्याभल्यांचा जीव जातो. पार्थ तासभर निवडत बसला. भांडं काठोकाठ भरलं. कढईत टाकल्यावर मात्र ती बसत बसत मूठभर झाली, आणि पोराने भोकाड पसरलं. "माझी भाजी कोणी खाल्ली?"

"कोनंच नाई खाल्ली रे बाप्पा. आगीनं खाल्ली. आता उरली तेवढी तरी सांभाय."

त्याने ती सांभाळली म्हणजे काय, ताटलीवर आडवा हात धरून, कुणालाही एक घास न देता सगळी संपवली. आई बघतच राहिली. त्यानंतर तो चिवळ खातो. आता चांगला उंच झालाय आणि रस्त्यात भेटला तर मला लाजतो.

अशा गमतींनी वर्ग भरत गेला. आठपैकी सात शेगड्या कायम पेटलेल्या असायच्या आणि बाहेर चार-पाच कुटुंबं नंबर लावून. पण पाच नंबरची, खिडकीजवळची शेगडी गोकर्णाबाई कुणाला देत नसत. दर रविवारी तीही पुसायच्या, तिच्यासमोर पाट मांडायच्या, वर एक छोटी सुरी आणि एक ताटली. मी हिशेबी बाई. रिकामी जागा पाहिली की मला चैन पडत नाही. दोन-तीनदा म्हटलं, ही जागा देऊन टाकू या कुणाला तरी.

"ते लागते, बाई," एवढंच त्या म्हणायच्या.

कशाला लागते, ते एका रविवारी सगळे गेल्यावर कळलं. मी तक्ते गुंडाळत होते, त्या उरलेल्या काकड्या निवडत होत्या. एक काकडी टोकाला कुणा पोराने चावून ठेवून दिली होती. ती हातात आली आणि त्यांचा हात थांबला. त्यांचा हात थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांना एकच मुलगा, गजानन. अमरावतीला एका ऑफिसात कामाला, तिथेच बायको, मुलगी. नवरा लवकर गेलेला, कुंकू मात्र त्यांनी सोडलं नव्हतं; गजू लहानपणी टोपलीशेजारीच वाढला. तो सात-आठ वर्षांचा असताना एकदा बाजारात त्याने टोपलीतली सगळ्यात वरची, कोवळी काकडी उचलली आणि कचकन चावा घेतला. समोर गिऱ्हाईक उभं.

"म्या त्याच्या तोंडातून ओढून घेतली, बाई," गोकर्णाबाई खाली पाहून सांगत होत्या. "गालावर एक ठेवून देली. दात लागला होता तेवढा तुकडा कापून त्याच्या हातात देला आन् बाकीची इकून टाकली. त्याच्याच डोयासमोर."

"मग?"

"मंग काई नाई. रडला नाई तो. तो तुकडाही खाल्ला नाई. तवापासून त्यानं माह्या हातचं जेवताना 'अजून दे' म्हनून कधी म्हटलं नाई. वाढलं तेवढं खाल्लं आन् उठला. आता तं तेही नाई. दिवायीले येते, पानी पेते, जाते. पोरीचा डबा घरून घेऊन येते."

भांडण नव्हतं, अबोला नव्हता. फोन यायचा, तब्येत विचारायचा, औषधं पाठवायचा. बोट ठेवावं असं काही नव्हतंच. पण मी तेव्हा समजले की हा वर्ग, तो ओल्या पोत्याचा नियम, लेकरू आधी, हे सगळं त्या गावातल्या पोरांसाठी करत होत्याच, पण मनातून एकाच पोरासाठी करत होत्या. त्याने एकदा यावं, लेकीला घेऊन पाच नंबरच्या शेगडीशी उभं राहावं, आणि आपल्या आईच्या टोपलीतलं चांगलं ते लेकीच्या हातात पहिलं पडताना पाहावं, इतकीच त्यांची इच्छा. त्यांनी त्याला कधी बोलावलं मात्र नाही. "बलावलं तं येईन तो. पर मंग बलावला म्हनून येईन," म्हणायच्या.

मी त्यांना न विचारता गजाननला फोन केला. मास्तरकीची सवय, दुसरं काय! वर्गाचं कौतुक केलं, स्वराला, म्हणजे त्यांच्या नातीला, खूप आवडेल म्हटलं. आईने जागा राखून ठेवलीय हेही सांगितलं. गजाननने वर्ग किती वाजता असतो ते विचारलं. मग म्हणाला, "येतो रविवारी."

त्या रविवारी तो खरंच आला. दुचाकीवरून, पुढे हेल्मेट, मागे दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची स्वरा. गोकर्णाबाईंनी दाराकडे पाहिलं. "आले का?" एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या हातातून कोथिंबिरीची जुडी सुटून खाली पडली. सगळ्या हॉलला कळलं की आज काहीतरी आहे. पार्थची आई हळूच मला म्हणाली, "आजींचा मुलगा दिसतो. डोळे तेच आहेत."

भरल्या वांग्यांचा बेत होता. पोत्यावर वांगी ओतली, एकसारखी, जांभळी, देठ हिरवेगार. पोरांनी शेगडीच्या नंबराने यायचं आणि चार-चार निवडून घ्यायची. नेमकी त्याच दिवशी एक बाई आपली जुळी मुलं घेऊन, नाव न नोंदवताच आली होती. गोकर्णाबाई कुणाला परत लावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जुळ्यांना चार नंबरच्या शेगडीत सामावून घेतलं.

एक, दोन, तीन, चार झाले, जुळी तेवढी आईच्या मागे लाजत उभी होती. स्वरा पुढे आली, पोत्याजवळ उकिडवी बसली आणि तिने एका वांग्याकडे हात नेला. गोकर्णाबाईंनी तिचं मनगट धरलं. अगदी मायेने धरलं, आणि मागे घेतलं.

"थांब माय. तू तं घरचीच हायेस. आधी लोकायच्या लेकरायले घेऊ दे."

त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या आनंदाने आणि अभिमानाने फुलून गेल्या होत्या. जुळ्यांच्या आईला सांगत होत्या, "घ्या, घ्या, लाजू नोका. हा माहा पोरगा हाये. त्याचं काई नाई, घरचाच हाये." चाळीस वर्षं परक्याला चांगलं दिलं आणि घरच्याला उरलेलं, कारण घरचा आपला असतो, तो समजून घेतो. आपलेपणा दाखवायची त्यांच्यापाशी तीच एक रीत होती. त्यांनी आपणच केलेला वर्गाचा नियम मोडला हे त्यांना कळलंसुद्धा नाही. तो नियम लोकांच्या लेकरांसाठी होता. आपलं लेकरू इतक्या वर्षांनी टोपलीपाशी परत आलं, आणि त्या त्याच्याशी घरच्यासारखं वागल्या.

आठ नंबरपर्यंत सगळ्यांचं झाल्यावर पोत्यावर तीनच वांगी उरली. देठ सुकलेली, एकाला भोक. स्वराने ती ताटलीत घेतली. चिरताना म्हणाली, "आजी, यात अळी आहे."

"तेवढं कापून टाक बाप्पा. घरच्यायले चालते."

गजानन पाठीशी हात धरून उभा होता.  स्वराने अळीचा भाग काढून टाकला, वांगी भरली, कढईत ठेवली. भाजी झाली. त्याने तिच्यावर झाकण ठेवलं, हात धुतले, मला म्हणाला, "निघतो बाई. स्वराचा क्लास आहे." आईला म्हणाला, "येतो." दुचाकीचा आवाज फाटकाबाहेर गेला तेव्हा गोकर्णाबाई दुसऱ्या कुणाच्या कढईत मीठ सांगत होत्या.

सगळे जेवायला बसले तेव्हा त्या पाच नंबरपाशी आल्या. झाकण उचललं. भाजी तशीच होती, कुणी हात लावलेला नव्हता. त्यांनी कचऱ्याच्या ताटलीत पाहिलं. किडका तुकडा, सुकलेले देठ. मग त्या हळूहळू खाली बसल्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, म्या पुन्हा तेच केलं."

मला हे लिहिताना अजून गलबलतं, कारण दोष माझाही आहे. माझ्या टेबलावर त्या दिवशी चार उत्तम वांगी वेगळी ठेवलेली होती. वर्गाचा फोटो काढायचा होता ना! स्वराचा हात मागे ओढला गेला तेव्हा मी पाहिलं होतं. पाच पावलं चालून जायचं आणि ती चार वांगी तिच्या ताटलीत टाकायची, एवढंच करायचं होतं. मी फोटोसाठी पोरांना ओळीत उभं करत राहिले.

त्यानंतर त्यांनी गजाननचं नाव काढलं नाही. पण एक गोष्ट बदलली. रविवारी पोतं अंथरलं की पोरांना बोलवायच्या आधी त्या स्वतः निवडायच्या. सगळ्यात चांगलं वांगं, कोवळी काकडी, घट्ट टोमॅटो. देठ पाहून, उलटंसुलटं करून, एकेक. ते पाच नंबरच्या ताटलीत ठेवायच्या आणि मगच म्हणायच्या, "चला रे पोट्टेहो." वर्ग सुटेपर्यंत ते तिथे तसंच असायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लोकांच्या आधी घरच्यांसाठी काढलं होतं आणि घरचं कुणी नव्हतं.

मी त्या सुमारास अमरावतीला राहायला आले. रविवारच्या वर्गाला सकाळच्या गाडीने जायची, दुपारच्या गाडीने परतायची. एकदा निघताना त्यांनी ती ताटली माझ्या पिशवीत रिकामी केली. "त्याच्या घराकडून जाल का? काई बोलू नोका. फकत द्या."

मी गेले. गजाननने दार उघडलं, पिशवी घेतली, आत पाहिलं. काही बोलू नका असं त्यांनी बजावलं होतं, पण मला गप्प बसणं कधीच जमलेलं नाही. मी म्हटलं, "ही भाजी पोत्यावर टाकल्यावर सगळ्यात आधी काढलेली आहे. तू येऊन गेल्यापासून दर रविवारी काढतात. आधी तुमची, मग लोकांची." त्याने मान हलवली. चहा घ्या म्हणाला. मी घेतला नाही. चार-पाच महिने मी अशा पिशव्या पोचवल्या. तो दर वेळी घ्यायचा आणि रिकामी पिशवी घडी करून परत द्यायचा. बस. स्वरा मात्र एकदा दारातच म्हणाली, "आजीला सांगा, काकडी गोड होती." मी ते सांगितलं तेव्हा गोकर्णाबाईंनी पाठ फिरवली आणि बराच वेळ पालक निवडत बसल्या.

मग त्यांना अन्न जाईनासं झालं. आधी आम्हाला वाटलं उन्हाने. अकोल्याला दवाखान्यात नेलं तेव्हा पोटातली गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी फार काही न करता घरी पाठवलं. दवाखान्यात गजाननच होता. सगळं त्यानेच केलं. पण ते कर्तव्य तो आधीही करतच होता.

शेवटचं मी त्यांना पाहिलं तो रविवारच होता. वर्ग आटोपला, पोरांनी आजींसाठी मुगाची पातळ खिचडी करून डब्यात भरून दिली. डबा घेऊन मी मळ्यावरच्या त्यांच्या घरी गेले. दुपारचे बारा वाजले असतील. दार उघडं होतं. उंबऱ्याशी चप्पल काढायला वाकले आणि तशीच थांबले.

आत बाजेवर गोकर्णाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या की लुगड्यातच हरवल्यासारख्या. कपाळावर कुंकू होतं, डावीकडे ओघळलेलं. समोर जमिनीवर स्वरा वांगी चिरत होती, जीभ दातांत धरून. आणि तिच्यामागे गजानन उभा होता, दोन्ही हात पाठीशी धरून. शेगडीवर आधीच्या वांग्यांची भाजी शिजून तयार होती.

त्याने पातेलं उतरवून बाजेशी आणलं, एक वांगं ताटलीत काढलं आणि आईपुढे धरलं. गोकर्णाबाईंनी बोटाने जरासं तोडून तोंडात घातलं. गिळवेना. पुष्कळ वेळ तोंडात धरून ठेवलं, मग कसंबसं गेलं. ताटली त्यांनी दूर सारली. गजाननने ती घेतली आणि बाजेशेजारी खाली बसला, जेवायला.

"नोको रे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "उरलेलं नोको खाऊ. तुयासाठी चांगलं घे."

"राहू दे, माय," गजानन म्हणाला. "आमी तं घरचेच आहो."

आईने तोडलेलं ते वांगं त्याने भाकरीशी खाल्लं. सगळं खाल्लं. मग ताटली बोटाने निपटून घेतली आणि आईपुढे केली.

"अजून दे."

 गोकर्णाबाईंनी पातेलं जवळ ओढलं. त्यात चार-पाच वांगी होती, मसाल्यात माखलेली, फक्त देठ वर आलेले. डाव त्यांच्याने धरवत नव्हता. म्हणून त्यांनी बोटांनीच एक देठ धरला, सोडला, दुसरा धरला. मी डबा न उघडता तशीच मागे फिरले, तेव्हा त्या अजून पातेल्यात वांगी उलटीसुलटी करून त्यातलं चांगलं शोधत होत्या.